उजेडबाईने निवडलेली बॅटरी

त्या वर्षी आभाळ आलं आणि बसून राहिलं. पाऊस नाही, ऊन नाही, वारा तर नाहीच. न बोलावता आलेल्या पाहुण्याने खाटेवर पाय पसरावेत तसं ते गावावर पसरलं होतं आणि उठायचं नाव घेत नव्हतं. सकाळ कुठे संपली नि दुपार कुठे लागली ते कळेना. कोंबड्या भलत्याच वेळी झाडावर चढून बसायच्या, मग आपली चूक लक्षात आल्यासारख्या खाली उतरायच्या. माणसांच्या पायाखालच्या सावल्या गेल्या होत्या. बाया धुणं वाळत घालायच्या आणि संध्याकाळी तसंच दमट धुणं काढून घरात टांगायच्या. विहिरींचं पाणी मात्र रोज थोडं थोडं खाली चाललं होतं.

पाणी खाली गेलं की पंप हवा ओढतो, गाळ ओढतो आणि बंद पडतो. अशा दिवसांत मिस्त्रीला जेवायला फुरसत नसायची. पण या वर्षी मिस्त्री घरी बसून होता. त्याच्या धंद्याला ऊन लागायचं.

म्हणजे झालं होतं असं. पंप बसवलेला असतो विहिरीत, पाण्याच्या थोडा वर, दगडात खोदलेल्या कपारीत. तिथे भरदुपारीसुद्धा आपला हात आपल्याला दिसत नाही. मिस्त्री शिडीने खाली उतरायचा आणि त्याची बायको वर काठावर आरसा घेऊन उभी राहायची. जुन्या कपाटाच्या दाराचा आरसा, पत्र्याच्या चौकटीत बसवून घेतलेला. ती आरशात ऊन धरायची आणि खाली सोडायची. नेमकं त्याच्या हातावर. तो पाना फिरवायचा तिकडे ऊन जायचं, त्याने पक्कड शोधली की ऊन आधी पकडीवर जाऊन थांबायचं. सूर्य सरकायचा तशी ती काठावरून सरकायची. लग्न झालं त्याच वर्षी हे सुरू झालं आणि मग चालतच राहिलं. गावात तिला कुणी तिच्या नावाने हाक मारत नव्हतं. सगळे उजेडबाई म्हणायचे, आणि तिलाही ते आवडायचं.

पण तिला त्याहून जास्त आवडायचं ते वेगळंच होतं. मिस्त्री घरी बोलत नसे. भांडण नाही, राग नाही, स्वभावच तसा. घरात दोन वाक्यं बोलायची तर त्याला घाम फुटायचा. आई काही विचारायची, तो मान हलवायचा. बायको काही विचारायची, तो 'बघू' म्हणायचा. आणि हाच माणूस विहिरीत उतरला, पहिला नट सैल केला, की त्याची जीभही सैल व्हायची. तिथे त्याला सगळं आठवायचं. छपराचा पत्रा बदलायचा ते विहिरीत ठरलं. शेळी विकायची नाही हे विहिरीत ठरलं. मुलीचं लग्न कुठे ठरलं असं कुणी विचारलं असतं, तर खरं उत्तर 'विहिरीत' असंच द्यावं लागलं असतं. त्याचा आवाज दगडांना लागत लागत वर यायचा, वर येईपर्यंत गोल आणि मऊ व्हायचा. ती वरून उत्तर द्यायची, आरसा हलू न देता. खाली पाण्यावर उन्हाचा तुकडा डुलायचा, त्याची जाळी भिंतीवर फिरत राहायची, आणि बघता बघता तिला अर्धी झोप, अर्धी जाग अशी गुंगी यायची. त्या गुंगीत त्याचं बोलणं ऐकणं म्हणजे तिचा संसार होता. बाकी स्वयंपाक, झाडलोट, ते काय, कुणीही करतं.

आभाळ बसल्यावर हे सगळंच बंद पडलं.

बागवाल्याचा पंप बंद झाला तेव्हा दोघे गेले तरी. बागवाला म्हणजे गावाबाहेरच्या फळबागेचा मालक, मनाने बरा पण जिभेला हाड नसलेला माणूस. विहिरीभोवती येरझारा घालत होता. झाडांची पानं मुडपायला लागली होती.

मिस्त्री खाली उतरला. उजेडबाईने आरसा धरला. आरशात नुसतं पांढुरकं आभाळ होतं. तिने तो डावीकडे कलवला, उजवीकडे कलवला. खाली काही पडेना. तरी ती हात वर करून उभी राहिली, कारण नुसतं उभं राहायचं कसं ते तिला ठाऊक नव्हतं.

"वहिनी," बागवाला म्हणाला, "ऊन नाही तर नाही. स्वतःचं तोंड तरी बघून घ्या आरशात. वेळ फुकट नको जायला."

ती हसली. हसायचं म्हणून हसली. कान मात्र तापले.

खाली मिस्त्री चाचपडत होता. आज तो बोलतही नव्हता. नट हाताला लागला, पाना बसला असं वाटलं, जोर लावला आणि पाना निसटला. बोटांची सालटी निघाली. पाना कपारीवर आपटून पाण्यात पडला, त्याचा डुबुक आवाज वरपर्यंत आला.

"काय झालं?" बागवाला ओरडला.

"काही नाही," खालून उत्तर आलं.

मिस्त्री वर आला तेव्हा बोटांतून रक्त ठिबकत होतं. तिने डोक्याला बांधलेलं आरशाचं फडकं सोडून त्याचा हात बांधला. बागवाल्याने ते पाहिलं, थोडा वरमला, पण झाडं त्याचीच होती.

"मिस्त्री, राग मानू नका. एवढी वर्षं काम करताय, पिशवीत सगळी हत्यारं आहेत, एक बॅटरी घ्यायला काय झालं तुम्हाला? पलीकडच्या गावचा मिस्त्री बॅटरी तोंडात धरून उतरतो. पाणी खाली गेलंय, पंप एक कपार खाली घ्यायचा आहे, काम चार-दोन तासांचं नाही. मी आणखी दोन दिवस वाट बघतो. नाहीतर त्याला बोलावतो. माझा नाइलाज आहे हो."

मिस्त्रीने मान हलवली. हत्यारांची पिशवी खांद्याला लावली. उजेडबाईने आरसा फडक्यात गुंडाळायला घेतला आणि तिच्या लक्षात आलं, फडकं त्याच्या हाताला आहे. मग तिने तो तसाच उघडा घरी नेला. वाटभर त्यात आभाळ चालत होतं.

संध्याकाळी जेवताना मिस्त्री म्हणाला, "बॅटरी घ्यावी म्हणतो."

सासूने घास हातातच धरला. मुलगा आपणहून बोलला की म्हातारीला आधी काळजीच वाटायची.

"घे की," ती म्हणाली. "कधीच घ्यायला पाहिजे होतीस. सूनबाईचे तरी हाल संपतील. जन्मभर विहिरीत डोकावून पोरीची मान वाकडी झाली."

"हो," मिस्त्री म्हणाला. "मग तिला यायला नको."

एवढंच. मग तो ताट उचलून मोरीकडे गेला. उजेडबाई तिथेच बसून राहिली. यायला नको. इतकी वर्षं ऊन वाहिलं आणि शेवटी एवढेच दोन शब्द. तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटतंय हे सांगायचं कुणाला, तर ज्याला सांगायचं तो फक्त विहिरीत ऐकतो. तिने भांडी जरा जास्तच आपटून घासली.

"उद्या तूही जा बाजाराला त्याच्याबरोबर," सासू म्हणाली. "त्याच्या तोंडात जीभ नाही. दुकानदार काहीतरी भलतंच गळ्यात मारेल."

सकाळच्या बसमध्ये तिला डुलकी लागली. स्वप्नात विहीर काठोकाठ उजेडाने भरली होती. पाणी नाहीच, नुसता उजेड, आणि तळाशी मिस्त्री उभा राहून बोलत होता. ओठ हलत होते. आवाज काही वर येत नव्हता. ती ओरडून सांगत होती, मोठ्याने बोला, मोठ्याने बोला. जागी झाली तेव्हा तिचं डोकं त्याच्या खांद्यावर होतं आणि तो खिडकीबाहेर बघत होता. तिने पटकन डोकं उचललं.

हत्यारांचं दुकान लांबट आणि चिंचोळं होतं. दारात फावड्यांचे दांडे, आत खिळ्यांचे डबे, वर टांगलेले दोर. दुकानदार जाडजूड आणि बोलका होता, गिऱ्हाईक आलं की त्याला हुरूप यायचा. बॅटरी म्हटल्यावर त्याने कपाटातल्या सगळ्याच बॅटऱ्या लाकडी फळीवर मांडल्या.

"ही बघा. हिला काय म्हणायचं माहीत आहे का? म्हणायचं काहीच नाही, नुसतं बघायचं!"

त्याने लांबलचक, चकचकीत धातूची बॅटरी लावली. समोरच्या दुकानाच्या पाटीवर, भरदिवसा, उजेडाचा पांढरा ठिपका पडला. तिथला माणूस बाहेर येऊन शिव्या देऊ लागला. दुकानदार खूश झाला.

मिस्त्रीने ती हातात घेतली. डोळे लहान मुलासारखे झाले होते. त्याने ती दातांत धरून पाहिली. जड होती, मान खाली ओढली गेली, पण त्याने दाताखालून हूं केलं. पसंत होती.

उजेडबाई बघत राहिली. तिला लगेच कळलं होतं. उजेड कसा असावा हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. हा सुईसारखा उजेड ओल्या दगडावर पडला की उलटा डोळ्यात घुसेल. कोपऱ्यातला नट दिसायच्या ऐवजी डोळ्यांपुढे काजवे चमकतील. आरशातही ऊन फार गोळा झालं की ती आरसा थोडा कलता करायची, पसरायची त्याला, मऊ करायची. ही बॅटरी कलती करता येणार नव्हती.

आणि तिच्या मनात आलं, घेऊ दे. घेऊ दे हीच. काही दिवस डोळे दिपून घेईल, बोटं सोलून घेईल, आणि मग आभाळ गेलं की म्हणेल, चल, आरसा घे. तिने काही बोलायचं नव्हतं, नुसतं मूग गिळून उभं राहायचं होतं. मिस्त्रीचा हात खिशाकडे गेला. फडक्यातून अजून लाली दिसत होती.

"ही नको," ती म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"का हो वहिनी? हिच्यापेक्षा तेज माझ्याकडे नाही."

"तेज आहे तेच नको. तुमच्याकडे अंधारी जागा आहे का? पाणी भरलेलं काही?"

दुकानदाराने डोकं खाजवलं. मग हसला. "मागे कोठीत पाण्याचं पिंप आहे. अंधार पाहिजे तेवढा घ्या, त्याचे पैसे नाहीत."

कोठीला खिडकी नव्हती. रिकाम्या पोत्यांचा, गंजलेल्या लोखंडाचा, रॉकेलचा वास होता. दुकानदाराने टोपलीत बॅटऱ्या भरून दिल्या आणि तो गिऱ्हाइकाकडे गेला. दार लोटलं गेलं. आत एकदम काळोख झाला आणि त्या काळोखात ती दोघंच, एकाच पातळीवर, शेजारी शेजारी. असं कधी झालंच नव्हतं. एक वर आणि एक खाली, असाच त्यांचा अंधार असायचा.

"पिंपात बघा," ती म्हणाली. "आता लावा."

त्याने लांब बॅटरी लावली. पाण्यावरून उजेड उसळला आणि सरळ त्याच्या डोळ्यांत गेला. तो मागे सरला, पोत्यावर धडपडला.

"बघा."

"हं," तो म्हणाला. मग पुढे म्हणाला, "खरं आहे तुझं." आणि बोलू लागला. अंधार मिळाल्याबरोबर बोलू लागला. "बारकी ती दे. ही हातातून निसटेल गं, ओल्या हाताने धरून बघतो थांब. निसटली. दुसरी दे. हिचं बटण कुठे आहे? बोटाला कळलं पाहिजे, खाली कुठे चष्मा लावून शोधायचं."

ती एकेक देत गेली. ओले हात, चाचपडणारी बोटं, दोघांच्या मध्ये पाणी. एकीचा उजेड निळसर होता, त्यात गंज आणि चिखल एकसारखेच दिसले. एक कंदिलासारखी होती, सगळीकडे उजेड आणि हवा तिथे नाही. भिंतीवर पाण्याची जाळी हलत होती. तिला त्या ओळखीच्या गुंगीने घेरलं. वाटलं, हे असंच चालू राहावं, दुकानदार आम्हाला विसरावा.

"यापेक्षा आरसा बरा होता," ती हसत म्हणाली. म्हणून बघितलं.

त्याने हातातली बॅटरी विझवली. मग म्हणाला, "गेल्या उन्हाळ्यापासून उजेड थरथरतोय."

तिची गुंगी खाडकन उतरली. म्हणजे तक्रार होती तर. इतके दिवस मनात ठेवलेली. ढगांचं निमित्त झालं नुसतं. तिचा उजेड आता त्याला पुरत नव्हता. तिने टोपलीत हात घातला आणि तळाशी पडलेली एक बुटकी, वाकड्या मानेची बॅटरी बाहेर काढली. रागाने काढली, पण लावली तेव्हा राग बाजूला ठेवावाच लागला. उजेड पिवळसर होता, पसरट, दुपारच्या उन्हासारखा. पाण्यावर पडला तरी डोळ्यांत आला नाही. अंगाला खरखरीत रबर होतं, ओल्या हातात बसली. बटण मोठं होतं, डोळे मिटूनही सापडलं. आणि टोपलीकडे परत नेताना तिने लोखंडी पिंपाजवळून फिरवली, तर खट्‌ करून पिंपाला चिकटून बसली.

"बुडाला चुंबक आहे," तो म्हणाला.

"पंपाला चिकटवायची. मान वळेल तिकडे उजेड."

बाहेर येऊन तिने ती दुकानदारापुढे ठेवली. दुकानदाराला जरा वाईट वाटलं. ती त्याची सर्वांत देखणी बॅटरी नव्हती.

"ही चांगलीच आहे, साधे सेल लागतात, कुठेही मिळतात," तो म्हणाला. "पण दातांत धरायला ही बारकी बरी पडेल. सगळे मिस्त्री दातांतच धरतात."

"दातांत धरायची नाही," उजेडबाई म्हणाली.

"का?"

"तोंड मोकळं पाहिजे."

का पाहिजे ते तिने सांगितलं नाही. तिथे ऐकायला आपण असणार नाही, हे तिला माहीत होतं. तरीही दातांमध्ये लोखंड धरून मुका झालेला नवरा तिला डोळ्यांपुढे आणवेना. परतीच्या बसमध्ये ती एक शब्द बोलली नाही. तो तर काय, बोलणारच नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून मिस्त्री एकटा बागवाल्याकडे जाऊ लागला. पिशवीत पान्यांच्या वर बॅटरी, डब्यात एकट्याचं जेवण. उजेडबाई दारापर्यंत जायची, मग परत फिरायची. संध्याकाळी तो यायचा तेव्हा ती विचारायची.

"झालं काम?"

"चाललंय."

"बॅटरी?"

"चांगली आहे."

झालं, संपला संवाद. बॅटरी चांगली होती, यात तिला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

दिवसभर आभाळ खिडकीशी बसलेलं. ती घर झाडायची, मग पुन्हा झाडायची. जेवण झालं की खाटेवर पडायची आणि खाट हळूच कुठेतरी वाहत चाललीय असं तिला वाटायचं. दूर कुणाचं तरी मळणीयंत्र घुमत असायचं, त्या घुमण्यात मध्येच एक माणसाचा आवाज असल्याचा भास व्हायचा. उठून बसली की यंत्रच असायचं. खांद्याला विश्रांती होती. पण रिकामा हात जास्तच दुखतो, हे तिला नव्याने कळलं. केस विंचरताना हात वर जाईना, तेव्हा ती मानच खाली करून विंचरायची, म्हणजे सासूला दिसू नये.

एकदा दुपारी तिने पाण्याच्या पिंपाचं झाकण काढलं. पाणी तळाला गेलं होतं. आत वाकून ती हळूच म्हणाली, "अहो." पिंप घुमलं. आवाज गोल होऊन परत आला, पण तो तिचाच होता.

"पिंपात काय शोधतेस?" मागून सासू.

"पाणी किती उरलंय ते बघते."

"मग पाण्याला अहो कशाला म्हणतेस?"

उजेडबाईने झाकण लावलं. म्हातारी जवळ आली. तिने सुनेच्या पाठीवर हात ठेवला, जरा वेळ तसाच ठेवला आणि ती बाहेर जाऊन बसली.

त्यानंतर एक-दोन दिवसांतच बागवाला घरी आला. घाईघाईत आला होता, पण दारात येऊन घुटमळला. उजेडबाई हातातलं टाकून पुढे आली.

"काय झालं? पडले का?"

"छे छे, तसं काही नाही. काम झकास चाललंय. वहिनी, एक विचारू का? रागावू नका." त्याने आवाज खाली आणला. "मिस्त्रींची तब्येत बरी आहे ना? म्हणजे, डोक्याने?"

"असं का विचारता?"

"वर असतात तेव्हा हूं की चूं नाही. खाली उतरले, ती बॅटरी पंपाला चिकटवली, की बोलायला लागतात. मी काठावर उभा. पहिल्या दिवशी म्हणाले, आईचं औषध संपत आलंय. मी म्हटलं, असेल बुवा. मग म्हणाले, मागच्या भिंतीला ओल येतेय, काय करायचं. मी म्हटलं, तुमची भिंत, तुम्ही बघा. त्यांचं लक्षच नाही! आपलं पुढे चालूच. मध्ये थांबतात, कुणी उत्तर देतंय असं समजून हूं म्हणतात, परत बोलतात. मला आता तिथे उभं राहायची लाज वाटते हो. दुसऱ्याच्या घरात कान लावल्यासारखं होतं."

उजेडबाई चौकटीला धरून उभी होती.

"काल तर कमालच. खालून विचारलं, खांदा कसा आहे? मला वाटलं, मला विचारतायत. माझाही दुखतो अधूनमधून. बरं वाटलं, कुणीतरी विचारलं. मी म्हटलं, बरा आहे. तर काय म्हणावं? म्हणाले, खोटं बोलू नकोस. उजेड थरथरायचा. वर्षभर बघतोय मी खालून."

बागवाला हसणार होता, पण तिचा चेहरा बघून थांबला.

कोठीतल्या अंधारातलं ते एकच वाक्य तिने इतके दिवस उरात काट्यासारखं ठेवलं होतं. तिला वाटलं होतं, तो उजेडाबद्दल बोलतोय. तो तिच्या खांद्याबद्दल बोलत होता. तिने स्वतः दुखणं मान्य करायच्या आधी त्याला ते कळलं होतं, पाण्यावरचा ठिपका बघून. आणि ती मात्र बसमध्ये तोंड फुगवून बसली होती. तिला रडू आलं, आणि बागवाल्यासमोर आलं म्हणून त्याचा रागही आला.

आतून सासूचा आवाज आला. "सख्ख्या आईशी बोलताना याची जीभ झडते आणि विहिरीशी गप्पा मारतो! अगं, उभी काय राहिलीस? जा की."

ती तशीच निघाली. पायांत चपला घातल्या की नाही ते तिला बांधावर गेल्यावर कळलं. घातल्या होत्या, एक सासूची होती.

बागेत सगळं करडं आणि स्तब्ध होतं. मुडपलेली पानं, थांबलेली हवा. बागवाला मागेच झाडाखाली थांबला, शहाणा निघाला. ती काठाशी गेली आणि पाय मुडपून बसली. खाली, नेहमीपेक्षा बरंच खाली, पिवळसर उजेडाचा एक तुकडा होता. त्यात पंपाची कड, दोराचा पीळ आणि त्याचे दोन्ही हात. हात ओळखीचे होते, पण इतके स्थिर तिने ते कधी पाहिले नव्हते. आपल्या आरशातल्या उन्हात ते नेहमी थोडे हलायचे. ती ऐकत राहिली.

"...राग आलाय ना तुला," तो म्हणत होता. पाना फिरत होता. "माहीत आहे मला. बसमध्ये बोलली नाहीस. यायला नको म्हटलं त्याचा राग आलाय." पाना थांबला, पुन्हा फिरला. "मला तुझा दुखरा हात बघवेना म्हणून म्हटलं. पण वर ते नीट सांगता येत नाही. वर तोंड उघडलं की भलतंच बाहेर पडतं."

"मग खाली सांगा," ती म्हणाली.

पाना एकदम थांबला. हात उजेडातून बाहेर गेले.

"कधी आलीस?"

"आत्ताच."

"आरसा आणलास?"

"नाही. रिकाम्या हातांनी आले."

"बरं केलंस." मग जरा थांबून, "खांदा कसा आहे?"

बरा आहे, असं तिच्या जिभेवर आलं होतं. वर्षभर तेच उत्तर तयार होतं.

"दुखतो," ती म्हणाली. "खूप दुखतो. केस विंचरता येत नाहीत."

खाली पाना ठेवल्याचा आवाज आला. मग उजेड हलला. त्याने बॅटरी पंपावरून काढली असावी, कारण तो पिवळा तुकडा भिंतीवरून हळूहळू वर चढू लागला, एकेक दगड, एकेक शेवाळाचा पट्टा, आणि तिच्या पायांपाशी येऊन थांबला. वर पोचेपर्यंत तो अगदी फिकट झाला होता.

"दिसतेयस," तो म्हणाला. "चप्पल आईची का घातलीस?"

ती हसली. हसता हसता तिने डोळे पुसले.

"उद्यापासून दोघांचा डबा बांध," तो म्हणाला. "काही धरायचं नाही, काही उचलायचं नाही. नुसतं बसायचं."

"आणि मागच्या भिंतीचं काय करायचं?"

"तेच म्हणत होतो," तो म्हणाला, उजेड पुन्हा पंपाकडे गेला, आणि तो भिंतीबद्दल सांगू लागला. भिंतीवरून औषधावर आला, औषधावरून मुलीकडे कधी जायचं त्यावर. ती सगळ्याला उत्तरं देत होती. पंप काही त्या दिवशी चालू झाला नाही, बागवाल्याला आणखी एक दिवस थांबावं लागलं.